टाकीत कोण बसणार

मी संशयी बाई आहे. दूधवाला आला की आधी दुधात बोट बुडवून बघते, मग पातेलं पुढे करते. माझ्या सुनेला हे आवडत नाही. न आवडू दे. जिचा नवरा समुद्राच्या तळाशी जाऊन घर चालवतो, तिला सगळ्यांवर विश्वास टाकून चालत नाही.

आमचे हे पाणबुडे होते. तांब्याचं गोल डोकं, शिशाचे बूट आणि रबरी पोशाख चढवून बंदराबाहेर बुडालेल्या बोटींचं लोखंड काढायचं, हे त्यांचं काम. वर लाँचवर दोघे पंप मारून नळीतून हवा देत, आणि एक जण त्यांच्या कमरेचा दोर धरून उभा असे. त्या दोराची आमच्यात एक रीत होती. दोर धरायचा तो बायकोच्या भावाने. सख्ख्या भावाचं मन वाटणीपायी फिरू शकतं, दोस्त चहाला उठून जाईल. पण बहीण विधवा झाली तर ती आपल्याच उंबऱ्यावर येऊन बसणार, हे मेव्हण्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून माझा धाकटा भाऊ त्या कामावर होता. ही रीत ज्याने पाडली तो माझ्याइतकाच संशयी असणार, आणि मला तो न भेटताच आवडतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. एका हरताळाच्या दुपारी घोडपदेवच्या आमच्या चाळीत ह्यांना दोघांनी खांद्यावर टाकून आणलं. एक माझा भाऊ, दुसरा त्यांचा मुकादम. ह्यांचे पाय फरफटत होते, जीभ जड झाली होती आणि तोंडाला दारूचा वास येत होता. तेव्हा दारूबंदी होती. शेजारणींनी दारं लोटून घेतली, पण फटी ठेवल्या.

"जरा जास्त झाली, वहिनी," मुकादम म्हणाला. "झोपू द्या. सकाळी चालायला लागतील."

आमचे हे पीत नसत असं मी म्हणणार नाही. पण पाण्यात उतरायच्या दिवशी थेंबसुद्धा नाही, हे मला माहीत होतं. मी बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि ह्यांच्या तळव्यात चांगली खुपसली. रक्ताचा ठिपका आला, पाय मात्र हलला नाही.

"काय करतंस गो?" त्यांनी विचारलं. पिन त्यांना दिसत होती, कळत नव्हती.

मुकादम जिन्याकडे वळला होता. मी दारातच आडवी उभी राहिले. "ह्येंका दारू कोणी दिली?"

"मीच दिली. वर आले तेव्हा थंडीने कुडकुडत होते. ऊब यावी म्हणून घोटभर."

"आणि रोज ह्येंका हळूहळू वर घेतास, आज घाईन कित्या घेतलास?" हे मी भावाला विचारलं.

"मुकादमांनी हाळी दिली. हरताळ लागलो, गोदीचो दरवाजो बंद होतलो म्हणाले."

"ओहोटी लागली होती," मुकादम त्याच दमात म्हणाला.

एकाच लाँचवरचे दोन पुरुष आणि कारणं दोन. माझ्या डोक्यात तेव्हाच शिरलं की ही दारू ऊब यावी म्हणून पाजलेली नाही. वास यावा म्हणून पाजली आहे. उद्या कोणी विचारलं तर सांगायला बरं, पिऊन आला होता म्हणून.

चाळीखालच्या डॉक्टरांनी हरताळातही दवाखाना अर्धा उघडा ठेवला होता. त्या दोघांनाच मी ह्यांना उचलून तिथे न्यायला लावलं. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, मग ह्यांचं काम विचारलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. "ही दारू नाही. सोड्याची बाटली फट्कन उघडली की कसे बुडबुडे उठतात? घाईने वर आलेल्या माणसाच्या रक्तात तसेच उठतात. माझ्याकडे यावर औषध नाही. त्यांना परत दाबाखाली ठेवायला हवं, हवा भरायच्या बंद टाकीत. तेही आजच. उद्यावर टाकलंत तर हे पाय परत मिळतील असं मी सांगू शकत नाही."

"अशी टाकी खय मिळात?"

"नौदलाकडे असेल. पण आज तुम्हाला आत कोण सोडणार? ह्यांच्या कंत्राटदाराकडे नाही का?"

माझ्या भावाने मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने जमिनीकडे पाहिलं. "शिवडीच्या गोदामात एक आहे," तो म्हणाला, "पण ती चालत नाही."

"चालत नाय की चालवची नाय?" मी म्हटलं.

हरताळामुळे टॅक्सी, घोड्याची व्हिक्टोरिया, काही नव्हतं. वखारीतली हातगाडी घेतली, त्यावर ह्यांना गोधडीत गुंडाळून ठेवलं आणि निघालो. मुकादमाला मी गाडीचा दांडा धरायला लावला, म्हणजे तो डोळ्यांपुढे राहील. वाटेत हवालदाराने अडवलं. त्याला वाटलं गोधडीखाली दगडफेकीसाठी दगड आहेत. दगड नाहीत हे कळलं तर दारूचा वास आला. "चला चौकीवर," तो म्हणाला. मी पिन त्याच्या हातात दिली आणि ह्यांचा पाय उघडा केला. त्याने टोचून बघितलं. पुन्हा एकदा टोचलं. मग पिन मला परत दिली आणि हातानेच जा म्हणून खुणावलं.

गोदामात ती टाकी होती. आडवी, लोखंडाची, जाड काचेची बशीएवढी खिडकी असलेली. दार उघडलं तर आत दोरांची वेटोळी आणि रंगाचे डबे. माणसाचा जीव वाचवायच्या टाकीची अडगळीची खोली करून टाकली होती. मी मुकादमाकडे नुसतं बघितलं.

"दाराची रबरी कड जुनी झालीय, वहिनी," तो म्हणाला. "दाब भरलेला असताना ती फाटली तर आतला माणूस हाती लागायचा नाही. म्हणून म्हटलं चालत नाही."

खरं असेल. खोटंही असेल. भावाने आणि लाँच लावून गोदामात आलेल्या दोघा पंपवाल्यांनी डबे बाहेर काढले, रबराला चरबी चोळली, हवेचं यंत्र सुरू करून पाहिलं. ते चाललं. आता आजाऱ्याबरोबर आत कोणीतरी बसायला हवं होतं. माझा भाऊ सदरा काढू लागला.

"तू भायर रव," मी म्हटलं. "हवेचो नळ तुझ्या हातात. आत मुकादम बसतले."

पंपवाले माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, आता मुकादम वाद घालील, कंत्राटदाराचं नाव काढील, निदान बाईमाणसाने मध्ये बोलू नये असं तरी म्हणेल. त्याने टोपी काढली. खिशातल्या विड्या आणि काडेपेटी खोक्यावर ठेवली, चपला काढल्या, आणि वाकून आत शिरला. एक अक्षर बोलला नाही. त्याने माझा संशय आणखीच वाढला. निर्दोष माणूस थोडा तरी भांडतो.

दार बंद झालं. हवा शिट्टीसारखी आत शिरू लागली. काचेतून मला मुकादमाची पाठ दिसत होती आणि तिच्या पलीकडे ह्यांची पावलं. भाऊ मधूनमधून हातोडीने टाकीवर ठोका मारी, आतून उलटा ठोका येई. आत काही बिघडलं तर सतत ठोकत राहायचं असं ठरलं होतं. काच माझ्या श्वासाने धुरकट होई, मी पदराने पुसे. आणि मग डाव्या पायाचा अंगठा हलला. मी एवढ्याने ओरडले की भावाचा हात नळावरून सुटला.

मला दार तेव्हाच उघडायचं होतं. पंपवाल्यांनी मला धरून बाजूला बसवलं. घाईनेच हे झालंय, म्हणाले, आता दाब कणाकणाने उतरवायचा. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर दार उघडलं.

आधी मुकादम बाहेर आला. त्याच्या कानातून रक्त ओघळून मानेवर सुकलं होतं. त्याला सर्दी होती, त्यामुळे कान चोंदलेले, आणि दाबाने कानाचा पडदा फाटला. हे दाब चढतानाच झालं असणार, आणि तो ठोकत राहिला असता तर भावाने हवा थांबवली असती. त्याने तसं सतत ठोकलं नव्हतं.

घरी आल्यावर मी ह्यांना विचारलं, "आत काय बोललो तो?"

"काय नाय. माझे पाय चोळीत बसललो."

"मनात पाप असल्याशिवाय परक्याचे पाय कोण इतको वेळ चोळता?"

ते भिंतीला हात टेकून उठले, मग हात सोडला. उंबऱ्याशी जाऊन चपला पायात घातल्या.

"खय चाललात?"

"त्येच्या कानाक काय झाला ता बघून येतंय."

आणि गॅलरीतून सावकाश चालत गेले, मागे न बघता. आदल्या दिवशी दुपारपासून मी त्या पायांसाठी सगळ्या जगाशी भांडत होते, आणि परत मिळाले तसे ते पहिल्यांदा निघाले ते त्या माणसाच्या दाराकडे. मी दाराच्या चौकटीला धरून रडले. आनंद होता, आणि रागही तेवढाच होता.