धारेला जपलेला चाकू
काल अलीगंजच्या घरी दशहरी आंब्यांची पेटी आली आणि त्या वासाने आमचे जुने मॅनेजर आठवले. रानात वापरायचा चाकू निवडायला या महाशयांनी दोन महिने घालवले होते. पातं किती लांब, पोलाद कुठलं, मूठ लाकडी की रबरी, रोज डबा खाताना तेच दळण. आणि रान कुठलं, तर मलिहाबादची आमराई! तिथे म्हाताऱ्या माळ्याने पाण्याच्या बादलीतले आंबे पुढे केले, तर साहेबांनी वाघ दिसल्यासारखा कमरेचा चाकू उपसला. माळी म्हणाला, "रहने दीजिए साहब, दशहरी तो चूसकर खाते हैं।" निघताना आमची पेटी बांधून झाल्यावर सुतली कापायला त्याने तोच चाकू मागितला, तेव्हा साहेबांनी तो घाईघाईने म्यानात सारला. "धार चली जाएगी।" माळ्याने उरलेल्या चार दातांनी सुतली तोडली. ही गोष्ट सांगून मी वर्षभर ऑफिसला हसवलं. बदली झाली तेव्हा साहेब तो चाकू मलाच देऊन गेले. काल मुलगी म्हणाली, "बाबा, वो चाकू निकालो ना, सुतली काटनी है।" मी म्हटलं, "नको, धार जाईल," आणि सुतलीला दात लावले.