पुरणयंत्र आणि आठव्या वाढदिवसाचा सॉस

बाळांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही मला टोमॅटो सॉसची कृती विचारलीत. "बाबा म्हणतो, आजीच्या सॉससारखा सॉस कुठेच मिळत नाही," असं धाकटी म्हणाली, आणि मागून तुमच्या बाबाचा आवाज आला, "आई, तो माझ्या आठव्या वाढदिवसाचा हं!" मी नेहमीप्रमाणे "हो, हो" म्हटलं आणि विषय बदलला.

कृती वेगळ्या कागदावर मापांसकट लिहून सोबत घातली आहे. पण त्या आठव्या वाढदिवसाच्या सॉसबद्दल एक गोष्ट मी तुमच्या बाबाला आजवर सांगितलेली नाही. ती आधी लिहिते. कृती त्यानंतर वाचा.

तेव्हा आम्ही कडावच्या पुढे आमच्या गावी राहत होतो. तुमचे आजोबा खोपोलीला कारखान्यात नोकरीला होते आणि मी कर्जतच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत असे. घरात सासूबाई, धाकटे दीर आणि त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ. तुमचा बाबा तिला काकू म्हणायचा. तिचं माहेर चौकचं. तिच्या वडिलांचं मुंबई-पुणे रस्त्यावर छोटंसं हॉटेल होतं. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. मी बी.ए. होते. हा फरक त्या घरात माझ्याखेरीज कोणीच मोजत नव्हतं.

मी सकाळी साडेनवाची एसटी पकडायची आणि सहाच्या सुमाराला परतायची. मधले सगळे तास बाबा काकूचा असे. त्याचं जेवण, त्याचे केस, त्याच्या अंगावरचे चिखलाचे कपडे, सगळं तिच्याकडे. एकदा तो अंगणात पडला आणि त्याचा गुडघा फुटला. मी दारातच उभी होते, नुकतीच शाळेतून आलेली, खांद्याला पिशवी. तो रडत आला, मला ओलांडून आत गेला आणि चुलीपाशी बसलेल्या काकूच्या मांडीवर गुडघा ठेवला. मी पिशवी खुंटीला लावली आणि हातपाय धुतले. त्या रात्री मी जेवले नाही, डोकं दुखतं म्हणाले.

तिला तोपर्यंत मूल झालेलं नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. गावातल्या बायका तिची कीव करायच्या, आणि मी तिचा हेवा करत होते. हे मी तेव्हा कोणापाशी बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच ते.

सॉसचं खूळ चौकहून आलं. दिवाळीला जाऊ माहेरी गेली तेव्हा बाबाला बरोबर घेऊन गेली होती. तिथे हॉटेलात त्याने बाटलीतला सॉस वड्याबरोबर खाल्ला. परत आल्यावर त्याने तिच्यामागे लकडा लावला. आमच्या विहिरीजवळच्या तुकड्यात, कालव्याच्या पाण्यावर, वाल आणि टोमॅटो होत. पहिले टोमॅटो पिकले तसे तिने ते उकडले, पिठाच्या चाळणीवर हाताने घासले, गूळ आणि चिंचेचा कोळ घालून आटवले. बाबाने बोट बुडवून चाटलं आणि ओरडला, "काकूचा सॉस!" पुढे दोन महिने घरात तेच. पोळीबरोबर काकूचा सॉस, भाकरीबरोबर काकूचा सॉस. मी केलेली बटाट्याची भाजीसुद्धा तो त्यात बुडवून खायचा.

मग मी ठरवलं, त्याच्या वाढदिवसाला सॉस मी करायचा. माझ्याकडे दोन गोष्टी होत्या ज्या तिच्याकडे नव्हत्या. एक, गृहशास्त्राचं इंग्रजी पुस्तक. दुसरी, पुरणयंत्र.

तुम्ही पुरणयंत्र पाहिलेलं नसेल. ते पितळेचं, तीन पायांवर उभं राहणारं पातेलं असतं. तळाला भोकांची जाळी, वर लाकडी मुठीचं हँडल. मूठ फिरवली की आतलं वाकडं पातं शिजलेली डाळ जाळीवर दाबतं आणि खाली मऊ पुरण पडतं. डाळीऐवजी उकडलेला टोमॅटो घातला तर सालं आणि बिया वर राहतात, खाली नुसता गर येतो. सालांनी भोकं बुजली की मूठ एकदा उलटी फिरवायची, पुन्हा मोकळी होतात. हे यंत्र माझ्या आईने मला दिलं होतं. ते वरच्या फळीवर फडक्यात बांधलेलं असे आणि होळीला एकदाच खाली यायचं. त्याला मी कोणाला हात लावू देत नसे. जाऊ पुरण पाट्यावर वाटायची आणि खरं सांगायचं तर तिचं पुरण जास्त मऊ व्हायचं. तरीही मी यंत्राचंच पुरण वेगळं काढून सासूबाईंसमोर ठेवायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर कल्हईवाला आला, भाता घेऊन चिंचेखाली बसला. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा थर नसेल तर त्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणजे हिरवट होतो आणि विषारीही. म्हणून दरवर्षी सगळी भांडी कल्हईला जायची. जावेने पातेली, परात, तपेली सगळं अंगणात काढलं आणि मला विचारलं, "ताई, तुमचं यंत्र पन देऊ का? आतनं पिवळं दिसाय लागलंय."

"माझं यंत्र मी बघेन," मी म्हणाले.

"बघा. मानूस आज हाय, उद्या नाय."

मी बघितलं नाही. यंत्र फळीवरच राहिलं.

वाढदिवस माघात, रविवारी आला. शनिवारी शाळा अर्धा दिवस. मी दुपारी घरी येताच पदर खोचला आणि यंत्र खाली काढलं. जाऊ शेजारी बसून वाल सोलत होती. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मी टोमॅटो वजन करून घेतले, दालचिनी आणि लवंगांची पुरचुंडी बांधली, साखर वाटीने मोजली. ती बघत होती. तिने आयुष्यात काही मोजलं नव्हतं. मी मुद्दाम मोठ्याने मोजत होते.

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "लसून घालशील तर यंत्रात नको गं. होळीचा निवद त्यातच काढायचाय."

"लसूण पुरचुंडीत घालते," मी म्हणाले.

मी मूठ फिरवायला लागले. लाल गर धारेने खाली पडायला लागला. त्या क्षणी मला फार बरं वाटलं. बाबा येऊन वाकून बघून गेला आणि "यंत्राचा सॉस!" म्हणाला. मग जावेने वालाचं ताट बाजूला सारलं आणि यंत्रात डोकावली.

"ताई, कल्हई उडालीय गं पार. आंबट हाय ते. कळकंल."

मला वाटलं, हिला सहन होत नाही. हेवा काय असतो ते मला पाठ होतं, म्हणून तो दुसऱ्याच्या तोंडावर मला लगेच दिसला. "तुला फिरवायचंय का? तर तसं सांग सरळ," मी म्हणाले.

 ती ताट उचलून म्हणाली, "नाय बा. तुमीच फिरवा. माजा काय हात दुकनार नाय."

सासूबाईंना हसू आलं, ते मला ऐकू आलं. मी आणखी जोरात फिरवलं. एक घमेलंभर टोमॅटो होते. निम्मे झाल्यावर मनगट भरून आलं. उरलेला लगदा यंत्रातच ठेवला, वर ताटली झाकली, उरलेलं सकाळी फिरवू म्हटलं. थांबावं तर लागलं, पण तिच्यासमोर दमले हे कबूल करायचं नव्हतं.

सकाळी उरलेलं फिरवलं, सगळा गर एकत्र करून आटवायला ठेवला आणि चाखला. टोमॅटोची चव मागे होती. पुढे जी चव होती ती तांब्याचं नाणं जिभेवर ठेवल्यासारखी. यंत्राच्या कडेला, भोकांभोवती, हिरवट वर्तुळं धरली होती. मी दारातून बघितलं, जाऊ गोठ्यात होती. तिला बोलावून "तू म्हणालीस तसंच झालं" एवढं म्हणायचं होतं. मी म्हणाले नाही. त्याऐवजी सॉसमध्ये आणखी दोन वाट्या साखर टाकली.

बाळांनो, हे लिहिताना मला आजही लाज वाटते. ते विषारी असतं हे मला माहीत होतं. तरी मी स्वतःला सांगितलं, एवढंसं आहे, काय होणार. दहा मुलं येणार होती आणि त्यातलं एक माझंच होतं.

मला कर्जतहून केक आणायचा होता. सॉस चुलीवरून उतरवून, झाकून मी दहाच्या एसटीने गेले. जाताना जाऊ समोर आली.

"झाला का सॉस?"

"झाला. नीट झालाय."

ती वळून आत गेली.

दोन वाजता परत आले. स्वयंपाकघरात ओळीने तीन बाटल्या उभ्या होत्या, मीच धुऊन ठेवलेल्या. पण आतला रंग वेगळा होता, स्वच्छ लाल. मागच्या केळीच्या बुंध्याशी माझा सॉस ओतलेला दिसला, त्यावर राख टाकलेली, कोंबड्यांनी तोंड लावू नये म्हणून. यंत्र चिंच आणि राखेने घासून उन्हात उपडं ठेवलं होतं. जाऊ वडे वळत होती. तिच्या बोटांची टोकं सोललेली, लाल झाली होती. गरम टोमॅटो चाळणीवर हाताने घासले की तसं होतं. मी बाटलीतला थेंब चाखला. गूळ नव्हता, चिंच नव्हती. साखर, दालचिनी, लवंग. माझीच कृती, आदल्या दिवशी शेजारी बसून नुसती बघितलेली. माप कुठेच चुकलं नव्हतं.

मी विचारलं, "का?"

"पोरं खानार हायेत ते," ती म्हणाली. "आनि तो कालपासनं सगल्या गावाला सांगत सुटलाय, आयचा सॉस, आयचा सॉस म्हनून."

मुलं आली, अंगणात पंगत बसली. तिनेच बाटली फिरवली आणि मोठ्याने म्हणाली, "खा रं, ताईंनी केलाय. यंत्र फिरवून फिरवून मनगट सुजलंय त्यांचं." बाबाने वडा बुडवला, खाल्ला, आणि सगळ्यांसमोर ओरडला, "आई, तुझा काकूपेक्षा भारी झालाय!"

दोन महिने मी हेच ऐकायला आसुसले होते. ती वाढता वाढता हसली आणि पुढच्या पानाकडे गेली. मी तिथेच, सगळ्यांसमोर, खरं सांगू शकले असते. मी बाबाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला आणखी वाढलं.

तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून माझा हेवा गेला असेल. तसं झालं नाही. उलट वाढला. आधी मला तिच्याकडे असलेल्या बाबाच्या प्रेमाचा हेवा होता. आता ते प्रेम ती वाटीभर काढून मला देऊ शकली याचा वाटायला लागला. तिच्या जागी मी असते तर दिलं नसतं, आणि हे मला नक्की माहीत होतं.

पुढच्या वर्षी कल्हईवाला आला तेव्हा मी यंत्र स्वतःच्या हाताने तिच्या भांड्यांच्या ढिगात ठेवलं. ती बघून न बघितल्यासारखं करत म्हणाली, "आलं का खाली?" माफी मी मागितली नाही. यंत्र पुन्हा फळीवर गेलं नाही, एवढंच. त्यानंतर दरवर्षी माघात आम्ही दोघी सॉस करायचो. मूठ ती फिरवायची, साखर मी मोजायची. तिला मुलगी झाली त्या वर्षीसुद्धा ओली बाळंतीण खाटेवरून मला सूचना देत होती, "उलटं फिरवा ताई, सालं अडकलीत." बाटल्यांवर चिठ्ठी मात्र मी चिकटवायची, आणि त्या चिठ्ठीवर "आईचा सॉस" असं तुमच्या बाबाच्या अक्षरात लिहिलेलं असायचं.

गेल्या महिन्यात मी गावी गेले होते. यंत्र अजून तिच्याकडेच आहे. मी तिला म्हणाले, "आता पोरांना पत्रात खरं काय ते लिहिणार आहे." ती विळीवर नारळ खवत होती. वर न बघता म्हणाली, "कशाला ताई? एवडा मोटा झाला तो, आता त्याला खोटं पाडताय का? र्‍हाऊ द्या की तुमचाच."

मला पुन्हा तिचा हेवा वाटला, पंगतीनंतर वाटला होता तसाच. ऐंशीच्या घरात आलेल्या बाईला हे शोभत नाही, पण झालं. आणि म्हणूनच लिहिते आहे. एवढ्या वर्षांत तिला परत देता येईल अशी माझ्याकडे एकच गोष्ट आहे आणि ती मला फोनवर देता येत नाही. "आई, तुझा सॉस" असं तो म्हणाला की माझ्या तोंडून "हो"च येतं.

तेव्हा हे पत्र तुमच्या बाबाला मोठ्याने वाचून दाखवा. मग त्याला म्हणावं, काकूला फोन कर. सकाळी दहानंतर कर, तोवर ती गोठ्यात असते.

तुमची आजी