चाळीसच्या आत

अर्जुनाच्या हातून शेकडो स्कूटरी गेल्या, पण त्याच्या स्वतःच्या दारात साधी सायकलही नव्हती. फौजेतून सुटल्यावर तो मलकापुरात परतला आणि सांगलीच्या एका विक्रेत्यासाठी पुण्याहून कोऱ्या स्कूटरी चालवत आणू लागला. वेगाचा काटा चाळीसच्या आत ठेवायचा, हे त्याचं व्रत. नवं इंजिन पळवलं की तापून जाम होतं. आणि लोक तर स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेले. वाटेत तो दुसऱ्या कुणाला हँडलला हात लावू देत नसे.

पारावर बसला की सांगायचा, "लुना मास्तराची. एक मानूस, एक पिशवी, संपलं. बजाजवर आख्खं बिऱ्हाड बसतंय, पर इंजिन उजव्या अंगाला. दुधाच्या किटल्या अडकवायच्या तर लँब्रेटाच. तिचं इंजिन मधोमध, वझं डोलत न्हाई."

शहात्तरच्या उन्हाळ्यात असाच तो एक कोरी बजाज घेऊन निघाला. साताऱ्यात इंजिन गार करायला नेहमीच्या हॉटेलापाशी थांबला, तर मालक केरबा धावत बाहेर आला.

"अर्जुना, तुज्या जावयानं कंडक्टरकडनं निरोप धाडलाय. बनूला कराडला दवाखान्यात नेलीया. बाळ आडवं हाय म्हनं. आपरेशन करनार."

बनू त्याची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेलेली. एस्टी नुकतीच सुटली होती. चहा तसाच टाकून त्याने किक मारली.

गावाबाहेर आल्यावर काटा पंचावन्नवर गेलेला त्याला कळलाच नाही. इंजिनाचा आवाज घोगरा झाला, जळका वास आला. त्याने गाडी बाजूला घेतली. पळवावी तर अर्ध्या वाटेत जाम होणार, हळू न्यावी तर जीव थाऱ्यावर नाही.

मागून रिकाम्या किटल्या खडखडवत लालासाहेब आला. साताऱ्यात दूध घालून उंब्रजला परतणारा हा त्याचा जुना दोस्त.

"का रं गड्या, नवी नवरी रुसली व्हय?"

अर्जुनाने सगळं सांगितलं. लालासाहेब लँब्रेटावरून खाली उतरला.

"ही ने. म्हातारी हाय, कितीबी पिदड. तुजी मी आनतो कराडला."

अर्जुनाचा हात नव्या हँडलवरून निघेना.

"चाळीसच्या आत हं."

"आरं, मी म्हस बी पळवत न्हाई. जा की आता!"

किटल्या सोडायलाही अर्जुना थांबला नाही. दवाखान्याच्या फाटकात तो असा काही खणखणाट करत शिरला, की नर्स बाहेर येऊन ओरडली, "अहो, रतीब मागच्या दाराला!"

"दूध न्हाई, बाई. मी बनूचा बाप हाय."

तिने व्हरांड्याकडे बोट दाखवलं. आत ऑपरेशन चालू होतं. जावई गुंडा भिंतीला टेकून उभा होता. अर्जुना व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागला. दार वाजलं की थांबायचा, कुणी बाहेर आलं नाही की पुन्हा चालायचा.

शेवटी नर्स आली. "मुलगी झाली. आई बरी आहे, शुद्धीवर यायला वेळ लागेल. घ्या आजोबा, धरा."

पण हँडलच्या हादऱ्याने त्याचे हात अजून थरथरत होते. त्याने ते मागे घेतले.

"मामा, नवी स्कूटर कुठाय?" गुंडाने विचारलं.

अर्जुना चमकला. मघापासून त्याला तिची आठवणच राहिली नव्हती.

"यील मागनं," तो म्हणाला. भिंतीशी मांडी घालून बसला, हात काखेत घट्ट दाबून धरले आणि जरा वेळाने पुढे केले.

"द्या आता."