पेवातून वर आलेली मांजरी

मैत्रिणींनो, मी मंडळात फारशी बोलत नाही, म्हणून लिहिते.

हळद साठवायच्या पेवात, जमिनीखालच्या खड्ड्यात, मांजरी पडली होती. माझे यजमान उतरले. तिला त्यांनी वर दिलं आणि स्वतः आतल्या कोंडलेल्या हवेनं गेले. तेव्हापासून तिला धाप लागते. मी तिला रोज वाफ देते.

आज धाकटे दीर पोतं घेऊन आले. “वहिनी, लय झालं. जिच्यापायी दादा गेला तिलाच दूध पाजताय व्हय? या लढाईच्या महागाईत?”

मी म्हटलं, “भाऊजी, त्यांनी जीव देऊन वर काढलेली मांजरी मी नदीपलीकडं सोडू देणार नाही.”

ते रिकामं पोतं घेऊन गेले.

उद्या मी मंडळात येणार आहे. टोपलीत तीही असेल. आम्हां दोघींचा कुणाला अपशकुन वाटतो का? वाटत असेल तर तोंडावर सांगा.