भंडाऱ्यानं धरलेली गळती

बिघडलेली प्रत्येक वस्तू मुळात आजारी मेंढरू असते, हे ज्ञान साऱ्या इंदापूर तालुक्यात फक्त आमच्या थोरल्या साडूंना झालं होतं. घराणं पूर्वी मेंढरं राखणारं. पुढं कळप गेला, त्यांच्या गावाला, बावड्याला, ऊस आला, पण साडूंची वैद्यकी काही सुटली नाही. रेडिओ खरखरला की त्याला सर्दी झाली म्हणून घोंगडीत गुंडाळायचे. अक्कांचं, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीबाईंचं, शिलाई मशीन अडलं तेव्हा त्याच्या पोटाला कान लावून म्हणाले, "घशात दोरा अडकलाय. दम धर." दोरा निघाला खरा, सोबत एक दातेरी चाकही निघालं आणि ते कुठं बसायचं हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मी इंदापुरात बँकेत. तरी आजारी वस्तूपाशी दुसरं मत द्यायला मला बोलावणं यायचंच. माझं मत ऐकलं की स्वतःच्या मताबद्दल त्यांची खात्री पटत असावी.

नव्वदचं दशक सरता सरता त्यांनी जुनी, पण पॉवर स्टेअरिंगची मोटार घेतली. गाव म्हणालं, उसाचा माज. खरी गोष्ट वेगळी होती. उसाच्या ट्रॉलीचं फाळकं पडून त्यांचा उजवा हात खांद्यातून अधू झाला होता आणि घरच्या जीपचं स्टेअरिंग काही केल्या वळेना. दारात जीप असताना शेजाऱ्याला "मला जरा बाजारला न्हेतोस का?" असं विचारणारे साडू मी पाहिलेत, तेव्हा ते जमिनीकडं बघत. ही मोटार मात्र बोटानं वळायची.

म्हणून "गाडी कण्हतीया, लगीच या" असा निरोप आला तेव्हा मी सुट्टीची झोप सोडून पळालो. स्टेअरिंग वळवलं की घुंऽऽ असा आवाज, वळायलाही जड, आणि गाडीखाली ओल. मी वाकलो, पाहिलं आणि ऐटीत सांगितलं, "काही नाही, एसीचं पाणी आहे."

साडूंनी त्या ओलीवर बोट फिरवलं, हुंगलं, अंगठ्यावर चोळलं. "पाव्हणं, ह्या गाडीला एसीच न्हाय."

ते स्टेअरिंगचं लाल तेल होतं, आणि त्याचा डबा रिकामा. पण गळत होतं कुठून? खालचं सगळंच तेलकट. साडूंनी फडक्यानं सगळं पुसून कोरडं केलं आणि देवघरातून भंडाऱ्याची वाटी आणली. नळ्यांवर पिवळाधमक भंडारा उधळला, ताजं तेल भरलं आणि मला म्हणाले, "आता मी फिरवतो. तुमी वाकून बघा, रगात कुठनं येतंय."

गाडी सुरू झाली, पंखा फिरला आणि देवघरातला सगळा भंडारा माझ्यावर आला. पण त्या पिवळ्या वादळातही मला दिसलं: जाड नळीचं रबर जिथं लोखंडी टोकात शिरतं, तिथं भंडारा भिजून लाल होत होता. "सापडलं!" मी ओरडलो.

दारातून अक्का म्हणाल्या, "आधी आरशात बघा, पाव्हणं. खंडोबाच सापडलाय."

साडूंनी लगेच उपचार केला. मोडक्या पायाला बांधतात तशा बांबूच्या चिपा नळीला लावल्या, वर ट्यूबची पट्टी आवळली. पहिल्याच वळणाला तेलाची पिचकारी उडाली. आता बारामतीलाच जायला हवं होतं, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक नळ्या बनवणाऱ्याकडे. मी म्हणालो, "नळी काढून एसटीनं नेऊ."

"लंगडं झालं म्हणून पाय कापून वैद्याकडं न्हेत्यात व्हय?"

"मग मी चालवतो."

"तुमाला येती चालवाया. त्याचंच भ्या वाटतंय. मग माझं काय काम?"

शेवटी तेलाविना स्टेअरिंगचा पंप जळू नये म्हणून त्याचा पट्टा काढला, चाक दगडासारखं जड झालं आणि आम्ही दोघांनी मिळून एक मोटार चालवली. ते आपल्या जागेवर, मी डावीकडं. वळण आलं की "वढा!" आणि मी बाजूनं चाक ओढायचो. समोरून येणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर वेग कमी करून ओरडला, "भावकीत वाटणी झाली का काय स्टेअरिंगची?" साडू खळखळून हसले. पण पुढच्या वळणावर त्यांचा हात सुटला आणि गाडी पाटाच्या चारीच्या काठाला जाऊन थांबली. त्यांनी सुटलेला हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "नीट झाली न्हाय तर जीपगत ही बी इकावी लागंल. मग बसायचं वट्यावर."

उसाचा हंगाम असल्यानं नळीवाल्याचं दुकान सुट्टीलाही उघडं होतं. त्यानं माझ्या पिवळ्या तोंडाकडं पाहून आधी नमस्कार केला, मग नव्या नळीला टोकं दाबून दिली. तेल भरलं, पट्टा चढवला. साडूंनी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. घुं घुं झालं, हवेचे बुडबुडे आले आणि मग सगळं शांत. नळीच्या टोकाखाली धरलेला माझा पांढरा रुमाल कोरडा राहिला. "निजलं लेकरू," साडू म्हणाले, आणि उगाचच आणखी दोनदा चाक फिरवलं.

आता साडू नाहीत. ते आठवतात ते त्या दिवशी मला इंदापुरात उतरवून एकटे बावड्याला निघालेले. पुढं उजवीकडं वळायचं होतं. गाडीचा इंडिकेटर लुकलुकत होता. तरी त्यांनी तो अधू हात खिडकीबाहेर काढला, जाईल तेवढा लांब केला आणि डाव्या हाताच्या बोटांनी गाडी अलगद वळवली. मागं वाहन एकही नव्हतं. रस्त्यात मीच तेवढा उभा होतो.