‘आपण’चं ‘आम्ही’ करा

संवादबाईंचा राग तसा कायम नाकावरच. त्या दिवशी मात्र तो सगळ्या मजल्यावर पसरला, आणि पसरू नये तर काय! कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या त्या कंपनीत पात्रांच्या तोंडचं वाक्यन्‌वाक्य त्या लिहायच्या, म्हणून संवादबाई. आधीची वीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुका तपासण्यात गेली. पन्नाशीला टेकल्यावर इथे आल्या, तेव्हा भोवतीची पोरं त्यांच्या लेकाच्या वयाची. स्वतःला एक खेळ धड खेळता यायचा नाही, पहिल्याच पुलावरून पाण्यात पडायच्या. पण त्यांनी लिहिलेली चेटकीण बोलायला लागली की पोरं हातातलं काम टाकून ऐकायची.

भानगड झाली ती किल्लेदारामुळे. नव्या खेळात तापाची साथ येते, किल्लेदार दरवाजा लावून घेतो, बाहेर आजारी माणसं हाका मारत राहतात. खेळणारा त्याच्या शेजारी मशाल घेऊन उभा. त्याला किल्लेदार शांतपणे सांगतो, “दार बंद आहे म्हणून आपण जिवंत आहोत.” आता उघडायचं की नाही, ते खेळणाऱ्याने ठरवायचं. बहुतेक जण उघडत नव्हते. खेळ चाचणीसाठी थोड्या लोकांना दिला होता. त्यातल्या कुण्या शहाण्याने तेवढाच तुकडा कापून जगभर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आजारी माणसं मेली तर मरू देत, असं या लेखिकेचं मत.’ झालं! दोन दिवस बाईंना नुसत्या शिव्या.

साहेबांनी बोलावून घेतलं. “बाई, शेवटी किल्लेदाराला जरा पस्तावू द्या. थोडं रडवा. आणि सुरुवातीला एक ओळ टाकू, लेखिका या मताशी सहमत नाही.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “का हो साहेब? मागच्या खेळात मी पाकीटमार लिहिला, तेव्हा खिसा धरून बसला होतात का? राक्षसिणीने तीन माणसं खाल्ली, तेव्हा माझा डबा उघडून बघितलात? वाईट माणसाने कपाळावर पाटी लावून यायचं, म्हणजे तुम्हाला बरं वाटणार! लोकांनी स्वतःच्या बोटाने दार बंद ठेवलं, आणि फाशी कुणाला, तर लिहिणारीला. चोर सोडून संन्याशाला!”

साहेब चिडले नाहीत. त्यांची हीच खोड वाईट. “बरं, राहू द्या. एकच शब्द बदला. ‘आपण’चं ‘आम्ही’ करा. आम्ही जिवंत आहोत. किल्लेदार आहे, शोभेलही. ‘आपण’ म्हटलं की ऐकणाराही त्यात येतो ना? ‘आम्ही’ केलं की तो सुटला. पाच वाजेपर्यंत करा, नाहीतर प्रसंग दुसऱ्याकडे देतो.”

मूर्खाशी भांडता येतं हो, या मेल्याला नेमकं कळलं होतं! बाई तणतणत जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या, तेवढ्यात थोरल्या बहिणीचा फोन आला.

“तो तुकडा मलाही आला,” ताई म्हणाली. “लाज नाही वाटली? बाबांचं वाक्य, जसंच्या तसं!”

“ताई, खेळ आहे तो.”

“मला शिकवू नकोस. आत्या दारात उभी होती, कडेवर साथीच्या तापाने फणफणलेली पोर. तेव्हा हेच म्हणाले होते ते. घरातलं असं चव्हाट्यावर मांडतात? लोकांना वाटेल, आपण सगळेच तसले.”

“मग कसले होतो आपण?” बाई एवढ्या जोरात ओरडल्या की खालचा पहारेकरी मान वर करून बघू लागला. “बाबा एकटे होते घरात? पडदा तू ओढलास. आणि कडी कुणी लावली?”

“बाबांनी सांगितलं म्हणून लावलीस. नऊ वर्षांची होतीस गं तू.”

“लावली ना! वरची कडी, खुर्चीवर चढून. आत्या माझं नाव घेऊन हाका मारत होती, आणि मी खुर्ची जागेवर ठेवून तुमच्याबरोबर जेवायला बसले. तिसऱ्या दिवशी तिची पोर गेली. चाळीस-बेचाळीस वर्षं मी बाबांना शिव्या देतेय, कारण ते सोपं पडतं.”

ताई रडायला लागली. “बदल गं तो शब्द,” ती म्हणाली. बाईंनी फोन ठेवून दिला.

पाचला साहेब स्वतःच टेबलाशी आले. “झालं का ‘आम्ही’?”

“नाही. होणारही नाही. बदलायचं तर माझं नाव काढा आणि मलाही काढा. ‘आपण’ ठेवलंत, तर नाव मोठ्या अक्षरांत टाका.”

“अहो, लोक म्हणतील किल्लेदाराचं बरोबर होतं, असंच तुम्हाला वाटतं.”

“तो चुकला, साहेब. हे मला कुणी शिकवायला नको. ते दार मी लावलंय.”

“लिहिलंय म्हणजे,” साहेबांनी दुरुस्ती केली.

“लावलंय,” बाई म्हणाल्या.