दारफळणीच्या दिवशी

तो आमच्या तालुका कृषी कार्यालयात कोकणातून बदलून आला होता. बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारा यहुदी. पोळा, ईद, दिवाळीच्या मागचेपुढचे दिवस, आम्हाला घरी जाता यावं म्हणून आमची कामं तोच ओढायचा. स्वतःसाठी मात्र एकच दिवस हट्टाने मागायचा, दारफळणीचा सण. आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंबही न घेता दार लावून आत बसायचं, देवाची माफी मागायची, बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही.

"हा कोनता सन बे? कधी गनपतीत येते, कधी नवरात्रात. दार लावून तं मी बी झोपतो," आमचा लिपिक म्हणायचा. सगळे हसायचे. मीही.

त्या वर्षी बीटी कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी निघाली. नेमकं त्याच्या सणादिवशी जिल्ह्याचं पथक वरवट बकालकडे, त्याच्या कामाखालच्या गावांत यायचं ठरलं.

"तुमी निवांत राहा, भाऊ. मी नेतो त्यायले," मी म्हणालो.

"नक्की ना?"

"हाव, म्हनलं ना."

सकाळी आमच्या तालुक्याच्या साहेबांना घेऊन जीप कार्यालयाच्या दारात आली आणि माझा धीर सुटला. ती गावं त्याच्याआधी माझ्याकडे होती. या बियाण्याला बोंडअळी लागत नाही, असं तिथल्या सभांत छातीठोकपणे सांगणारा मीच. त्या लोकांसमोर एकट्याने जायची हिंमत होईना.

"साहेब, त्यायले बी घेऊ ना संगं. घरीच हायेत. बिमार-गिमार नाहीत."

"मग रजा कशाची?" साहेब म्हणाले.

जीप त्याच्या घराकडे वळवली. दाराशी साहेबांनी दोनदा हाक मारली. आतून काही आवाज नाही. मग मी कडी वाजवली. "भाऊ, मी आहो."

दार उघडलं. अंगात पांढरे कपडे, ओठ सुकलेले. माझ्यामागे उभे असलेले साहेब त्याला दिसले.

"मला वाटलं, तुमच्या घरी काही झालं," एवढंच तो मला म्हणाला.

दिवसभर तो त्याच कपड्यांत शेतं फिरला, बोंडं फोडून पथकाला अळ्या दाखवत राहिला. कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर हात जोडायचा. एका म्हाताऱ्याने फुटकं बोंड त्याच्यासमोर धरलं. "कोनं सांगतलं होतं आमाले, अळी येनार नाही म्हून?"

मी तीन हातांवर उभा होतो. तो माझ्याकडे बोट दाखवू शकला असता.

"आमची चूक झाली, बाबा. माफ करा," तो म्हणाला.

मी शेताच्या धुऱ्यावरचं गवत पाहत राहिलो.

नंतर कितीदा तरी मी त्याच्या टेबलापाशी गेलो आणि भलत्याच फाइलीबद्दल विचारून परतलो. तो नीट उत्तर द्यायचा. पुढच्या वर्षी त्याचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावरून पुढे गेला. कारण लिहिलं होतं, घरगुती काम. सण कधी आहे, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही.